हवेच्या गेजला रबरी कव्हर: जुन्या ट्यूबमधून कसं कापायचं आणि कुठे मोकळं सोडायचं

हवा मोजायचा गेज बहुतेक वेळा फुटतो तो टायरपाशीच. ऊस भरलेल्या ट्रकच्या मागच्या जोडीत, आतल्या टायरचा व्हॉल्व्ह गाठायला हात घातलेला असतो. नोजल निसटतं आणि फूटभर पाइपच्या टोकाला असलेला गेज गोफणीसारखा फिरून रिमवर आपटतो. दुसरी जागा म्हणजे टूलबॉक्स. जॅक, टॉमी आणि पान्यांच्या ढिगात गेज फेकला की कोल्हापूरच्या शिरोली नाक्यापासून साखर कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत सगळे खड्डे तो अंगावर घेतो.

रबरी कव्हर या दोन्हींवर चांगलं चालतं. बाजारात तयार मिळतं, जुन्या ट्यूबमधून फुकटात कापताही येतं. पण चुकीचं बसलं तर तेच कव्हर पाणी धरून ठेवतं, हवा सोडायचं बटण दाबून बसतं किंवा गेजमागचं सुरक्षेचं भोक बुजवतं.

आधी गेज बरोबर आहे का ते बघा

बिघडलेल्या गेजला कव्हर घातलं की तो फक्त जास्त दिवस खोटं बोलतो. म्हणून कात्री हातात घेण्याआधी ही दहा मिनिटं द्या.

गोल डायलच्या गेजमध्ये तबकडीमागे इंग्रजी ‘सी’च्या आकारात वाकवलेली चपटी पितळी नळी असते. हीच बोर्डन ट्यूब. तिचं पेटंट फ्रान्समध्ये १८४९ साली घेतलं गेलं आणि मूळ रचना आजही तीच आहे. आत हवा शिरली की नळी किंचित उलगडते. तिचं मोकळं टोक जेमतेम काही मिलिमीटर हलतं. ती हालचाल एक बारीक दुवा दातेरी पट्टीला देतो, पट्टी छोटी दातेरी फिरकी फिरवते आणि फिरकीच्या दांड्यावर बसलेला काटा तबकडीवर साधारण २७० अंश फिरतो. एवढ्याशा हालचालीचं एवढं मोठं फिरणं होतं, तेव्हा आत केसभर काही सरकलं तरी बाहेर चार-पाच पीएसआयचा फरक दिसतो. (पंक्चरवाला ‘पौंड’ म्हणतो तेच हे पीएसआय.)

आपटल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात. काटा दांड्यावर नुसता दाबून बसवलेला असतो, तो फिरतो. दातेरी पट्टी एखादा दात उडी मारते. किंवा नळीच वाकते. पहिल्या दोन्हींत सगळीकडे जवळपास सारखाच फरक पडतो. ३० ला ४ जास्त दाखवत असेल तर १०० लाही ४ च्या आसपास. नळी वाकली किंवा दाते झिजले असतील तर फरक जागोजागी वेगळा येतो. म्हणून खात्रीच्या दुसऱ्या गेजशी एकाच दाबावर पडताळून भागत नाही, दोन दाबांवर बघावं लागतं: एकदा मोटारच्या टायरवर, एकदा ट्रकच्या. फरक दोन्हीकडे सारखा असेल तर काटा काढून परत बसवणारा कारागीर ते काम करू शकतो. वेगवेगळा असेल तर तो गेज कोपऱ्यात ठेवा, त्याच्यासाठी रबर कापू नका.

शून्यावर भरवसा ठेवायचा नाही. कित्येक गेजांत शून्यापाशी एक बारीक पिन असते आणि काटा तिला टेकून थांबतो. आत काटा शून्याच्या तीन पीएसआय खाली सरकला असला तरी डोळ्यांना तो शून्यावरच दिसतो.

चूक किती चालते, हे तबकडीवरच छापलेलं असतं. १.६ वर्गाचा गेज म्हणजे पूर्ण मापाच्या १.६ टक्के इकडेतिकडे. ० ते १६० पीएसआयच्या गेजवर हे साधारण अडीच पीएसआय होतात, मग दाब १०० असो वा २८. ट्रकच्या टायरला हे चालून जातं, पण मोटारसायकलच्या २८ ला अडीचची चूक जास्तच. ट्रकचा गेज दुचाकीला लावून ‘कव्हर घातल्यापासून बिघडला’ म्हणणारे असतात. त्यात कव्हरचा दोष काही नाही.

रबर नेमकं काय करतं

एक मीटरवरून पडलेला गेज काँक्रीटवर ०.२ मिमीत थांबला तर त्याला सरासरी वजनाच्या ५,००० पट झटका बसतो. मध्ये रबर असून ते २ मिमी दबलं तर तोच झटका ५०० पटींवर येतो. सगळा खेळ त्या दोन मिलिमीटरचा आहे. म्हणून घट्ट ताणून बसवलेलं एक मिमीचं पातळ रबर शोभेचं. दुसरीकडे, टायरच्या बाजूच्या भिंतीइतकं टणक रबर दबतच नाही, तेही कामाचं नाही. अंगठ्याचं नख जोरात रोवलं तर खूण उमटावी आणि लगेच भरून यावी, इतपत मऊपणा हवा. मोल्ड करून घेणार असाल तर शोअर ए (रबराचा टणकपणा मोजायचं माप) ५० ते ६० सांगा.

आणि मार सगळीकडून सारखा येत नाही. गेजमध्ये डबा, काच आणि काच धरणाऱ्या पुढच्या कडीचं वजन वरच्या बाजूला असतं, म्हणून पाइप हातात राहून गेज लोंबकळला तर पुढची कडी किंवा डोकं आधी आपटतं. रबर सर्वांत जाड तिथेच हवं.

तयार कव्हर घेताना

गेजचं छापील माप आणि डब्याचं खरं माप वेगळं असतं. ‘६३ मिमीचा गेज’ म्हटलं तरी डब्याचा बाहेरचा व्यास ६८ च्या आसपास भरतो. कडी जिथे सर्वांत रुंद आहे तिथे व्हर्निअर लावून मोजा आणि त्यापेक्षा १ ते २ मिमी कमी आतल्या व्यासाचं कव्हर निवडा. सारख्या मापाचं घेतलं तर महिन्याभरात सैल होऊन फिरायला लागतं.

हाताला डिझेल-ऑइल कायम असेल तर नायट्राइल रबर घ्या. ते तेलात फुगत नाही, मात्र उन्हात पडून राहिलं तर त्याला बारीक भेगा पडतात. ऊन-पावसाला ईपीडीएम नावाचं रबर चांगलं, पण तेल त्याला सोसत नाही. सिलिकॉन दिसतं सुंदर, उन्हाने त्याला काही होत नाही. फक्त रिमच्या धारेला एकदा चिरलं की चीर पुढे पळते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल सील आणि ओ-रिंग विकणाऱ्या दुकानात नुसतं ‘रबर’ न म्हणता नाव घेऊन मागा, म्हणजे बरोबर वस्तू मिळते.

ट्यूबमधून कापायचं असेल तर

जुनी ट्यूब पंक्चरच्या दुकानात मिळतेच. ट्यूबचं रबर बहुतेक ब्युटाइल असतं. हवा-पाण्याने लवकर कुजत नाही, पण डिझेल लागलं की फुगतं आणि चिकट होतं. पॅचवर पॅच असलेला भाग घेऊ नका. दुचाकीच्या ट्यूबची जाडी दीड-दोन मिमी असते आणि पट्ट्यांना तीच सोयीची.

आतून आधी साबणाच्या पाण्याने धुवा. ट्यूबमध्ये शंखजिऱ्याची पावडर असते. ती तशीच राहिली तर गेजच्या मागच्या भोकातून आत जाऊन दात्यांवर बसते आणि काटा अडखळायला लागतो. धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळू द्या.

आता माप. डब्याचा व्यास ६८ मिमी धरू. घेर झाला ६८ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे २१३. रबर साधारण बारा टक्के ताणून बसायला हवं, म्हणून पट्टीचा घेर १९० पुरे. ट्यूब सपाट केल्यावर तिची रुंदी घेराच्या निम्मी असते, तेव्हा सपाट रुंदी ९५ मिमी भरेल अशी ट्यूब शोधा. ५० मिमीच्या गेजचा डबा साधारण ५५ चा असतो, त्याला ७७ मिमी रुंदीची ट्यूब लागते. नेमकी ट्यूब मिळाली नाही तर रुंद ट्यूबची पट्टी कापून २० मिमी एकावर एक चढवून जोडता येते. दोन्ही बाजू काचपेपरने खरवडा, पंक्चरच्या सोल्युशनचा पातळ हात द्या, पाच मिनिटं थांबा, बोटाला नुसतं चिकटल्यासारखं वाटलं की दाबा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा.

हा जोड गेजवर ठेवून करू नका. सोल्युशनमधलं द्रावण प्लास्टिकच्या काचेला लागलं तर ती पांढुरकी होते किंवा जाळीसारखी तडकते, आणि हा डाग घासून जात नाही. वास पूर्ण गेल्याशिवाय, म्हणजे किमान एक दिवस, कव्हर चढवायचंच नाही.

पट्ट्या तीन लागतात. डब्याची खोली ३० मिमी असेल तर मुख्य पट्टी ४४ मिमी रुंद: पुढे ६ जास्त, मागे ८ जास्त. बाकी दोन पट्ट्या १० मिमीच्या. त्या मुख्य पट्टीच्या खाली, फक्त पुढच्या कडीवर बसतात. त्यामुळे जिथे मार बसतो तिथे रबराचे तीन थर, साडेपाच मिमीच्या आसपास, जमतात आणि बाकी अंग सुटसुटीत राहतं. कात्री ट्यूबला आडवी आणि एका दमात चालवा. अडखळून कापलेल्या कडेला खाच राहते, आणि ताणलेलं रबर नेहमी खाचेपासून फाटतं.

पाठीसाठी ट्रकचा फ्लॅप उत्तम. ट्यूब आणि रिम यांच्यामध्ये असतो तो. त्याच्या मधल्या जाड भागातून डब्यापेक्षा ४ मिमी कमी व्यासाची, म्हणजे आपल्या हिशोबात ६४ मिमीची चकती कापा. मुख्य पट्टीची मागची ८ मिमी कड आतल्या बाजूला आपोआप वळते आणि चकतीला धरून ठेवते. सोल्युशन लागत नाही, आणि लावूही नये, कारण कव्हर वेळोवेळी उतरवायचं आहे.

भोकं

कव्हर चांगलं की वाईट ते इथे ठरतं, म्हणून घाई नको.

पहिलं भोक खालच्या मानेचं, जिथून पाइप निघतो. सुरीने फुलीसारखं चिरलं की काम लवकर होतं, पण चिरेच्या टोकापासून पट्टी आठवड्यात फाटते. पंचने गोल भोकच पाडा. पाव इंची बीएसपी (पाइपच्या आट्यांचं प्रमाण माप) आट्याचा बाहेरचा व्यास १३ मिमीच्या थोडा वर असतो, त्याला १० मिमीचं भोक ताणून घट्ट बसतं. एक-अष्टमांश इंचीला ७ मिमी. पंचखाली लाकडाचा आडवा कापलेला ओंडका घ्या; लोखंडावर ठोकला तर पंचची धार जाते. जागा अशी काढायची: डब्याच्या पाठीपासून मानेच्या मध्यापर्यंत अंतर १२ मिमी असेल तर त्यात मागचे ८ मिळवा. पट्टीच्या मागच्या कडेपासून २० मिमीवर मध्य.

दुसरं भोक सुरक्षेच्या झडपेसाठी. गेजच्या पाठीवर किंवा माथ्यावर एक रबरी बूच किंवा पातळ चकती असते. आतली नळी फुटली तर डब्यात शिरलेली हवा तिला उडवून मागे जाते, काच तुमच्या तोंडावर येत नाही. ही जागा बुजवली तर तोच दाब काचेवर येतो. खडूने बुचावर खूण करा, चकती दाबा, उमटलेल्या जागी बुचापेक्षा ३-४ मिमी मोठं भोक पाडा. माथ्यावर असेल तर तेच भोक मुख्य पट्टीत.

ग्लिसरीन भरलेल्या गेजला हे आणखी लागू पडतं. त्याचा डबा सीलबंद असतो, आणि आतला दाब बदलला की काटाही बदलतो. समुद्रसपाटीच्या गावात बंद केलेला गेज कोल्हापुरात, साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, आला की जवळपास एक पीएसआय कमी दाखवतो. उन्हात तापलेल्या केबिनमध्ये त्यात भर पडते. म्हणून अशा गेजच्या बुचाला बारीक टोक कापायचं किंवा छोटी खिट्टी फिरवायची सोय असते. कव्हर चढवल्यावरही तिथे बोट पोहोचलं पाहिजे.

तिसरी जागा हवा सोडायच्या बटणाची. बटणावरून रबर नेऊ नका. ते किंचित जरी दबून राहिलं तरी हवा बारीक सुटत राहते, काटा हळूहळू उतरतो आणि माणूस टायरला दोष देतो. बटणाभोवती चारी बाजूंनी ३ मिमी मोकळं ठेवा.

चढवणं

पाइप आधी सोडवा. दोन पाने लागतात: एक गेजच्या मानेच्या षटकोनावर, दुसरा पाइपच्या नटावर. डबा मुठीत धरून पिळणं ही सर्वांत महाग चूक. मान आणि नळी यांचा डाख त्यात सुटतो.

पट्ट्या ५०-६० अंश गरम पाण्यात पाच-सात मिनिटं बुडवा. बोट जेमतेम टिकतं एवढं पाणी. गेज पाण्यात घालायचा नाही. डब्याला साबणाच्या पाण्याचा ओला हात फिरवा. ग्रीस, डिझेल, खोबरेल, काहीही तेलकट नको. तेलावर रबर सरकतं खरं, पण नंतरही सरकतच राहतं.

आधी दोन अरुंद पट्ट्या कडीवर, एकीवर एक. मग चकती पाठीवर धरा. मुख्य पट्टीच्या भोकातून मान आतून बाहेर काढा आणि दोन्ही हातांचे अंगठे मानेपासून माथ्याकडे नेत पट्टी चढवा, पंक्चर काढल्यावर टायरची शेवटची कड रिमवर चढवतात तशी. पुढची ६ मिमी कड ताण सुटताच स्वतःहून कडीवर वळते. आकडे झाकले जात असतील तर दोन मिमी कापा. ओढून-ताणून मागे बसवलेली कड परत पुढे येतेच.

आट्याला टेफ्लॉन टेप तीन-चार वेढे, आट्याच्या तोंडाकडून बघताना घड्याळाच्या दिशेने, पहिला आटा मोकळा सोडून. टेपचा तुकडा मानेच्या बारीक भोकात गेला तर काटा आळशासारखा चढतो. पाइप परत दोन पान्यांनी आवळा.

मग तपासणी. एकाच गार टायरवर तीनदा मोजा. तिन्ही वेळा काटा एकाच जागी यायला हवा आणि कव्हर घालण्याआधीच्या आकड्याशी जुळायला हवा. गार म्हणजे तीन तास उभी असलेली गाडी. मानेला साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा. हवा सोडल्यावर काटा परत येताना कुठे थबकत असेल तर कव्हर उतरवून आधी बटण, मग मागचं भोक बघा.

आकडा जुळला नाही म्हणून लगेच कव्हर दोषी धरू नका. सकाळी कोल्हापुरात मोजलेली गाडी आंबा घाटातून रत्नागिरीला उतरली तर खाली बाहेरच्या हवेचा दाब जास्त असल्याने तेवढ्याच गार टायरमध्ये गेज जवळपास एक पीएसआय कमी दाखवतो. गरम टायर उलट जास्त दाखवतो.

पावसाळा आणि हंगाम

कव्हरखाली पाणी शिरतं आणि तिथून ते वाळत नाही. गगनबावड्याच्या बाजूला गाडी असेल तर जून ते सप्टेंबर दर आठवड्याला कव्हर उतरवा, डबा आणि रबर दोन्ही पुसा, तासभर उघडे ठेवा. पत्र्याच्या डब्यावर गंज नेहमी कडीच्या खाचेत सुरू होतो, बाहेरून दिसत नाही. पितळी मानेवर रबर टेकतं तिथे काळा डाग पडतो. तो रबरातल्या गंधकाचा. त्याने बिघडत काही नाही, पुसून टाका.

उन्हाळ्यात डॅशबोर्डवर काचेखाली ठेवू नका, सीटखाली ठेवा. ऊस वाहतुकीच्या गाड्यांना गळीत हंगामाआधी एक नवी पट्टी कापून ठेवलेली बरी. खंडेनवमीला हत्यारं धुऊन-पुसून पूजेला मांडतात, तेव्हाच गेज उघडा करून दुसऱ्या गेजशी पडताळा. रबर वळवून बघितल्यावर घडीत पांढऱ्या रेघा किंवा भेगा दिसल्या, किंवा बोटाला चिकट लागलं, की टाकून द्या.

पेन्सिल गेजला एवढा खटाटोप लागत नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा मधल्या अंगावर सरकवा, फक्त मापाची पट्टी जिथून बाहेर येते ते टोक दोन सेंटिमीटर मोकळं ठेवा. डिजिटल गेजला बॅटरीचं झाकण उघडेल असं कव्हर हवं.

राहिलं नोजल. कव्हर घातलेले कित्येक गेज शेवटी तोंडात माती गेल्यामुळे बिघडतात. शेतातून आलेल्या गाडीची काळी माती नोजलच्या वायसरवर बसते आणि व्हॉल्व्हवर दाबलं की बाजूने हवा सुटते. माती पिनपर्यंत गेली तर टायरचा व्हॉल्व्हही गळायला लागतो. ट्यूबच्या उरलेल्या तुकड्यातून ३० मिमी लांबीची नळी कापा, एक तोंड सोल्युशनने बंद करा आणि नोजलवर टोपीसारखी चढवा. तिला एक भोक पाडून दोरीने पाइपला बांधा, नाहीतर पहिल्याच फेरीत ती उसाच्या पाचटात जाते.